आटपाडी-माण-जत पट्टा : गव्हाच्या कडेच्या ओळी चिकट झाल्यात, अख्खं रान फवारायचं का?

टेंभूचं_पाणी · ९ जानेवारी, सकाळी ७:४०

आटपाडी तालुका. हलकं ते मध्यम रान, हातभर खाली मुरूम. गहू समाधान (एनआयएडब्ल्यू १९९४), पेरा १८ नोव्हेंबरचा, म्हणजे आज ५२ वा दिवस. क्षेत्र एक एकर, ५० बाय ८० मीटरचं. एका लांब आणि एका आखूड बाजूला शेजाऱ्यांचा चाऱ्याचा मका आहे, तुऱ्यात आलेला. त्या दोन बाजूंच्या कडेला पानं हाताला चिकटतात. पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात) निळसर हिरवे किडे गच्च बसलेत. आत गेलं की कमी. मधेमधे पानंही पिवळी पडलीत. चार दिवस ढगाळ आहे. ४५ व्या दिवशी युरियाचं एक पोतं टाकलंय.

दुकानदार म्हणतो जोड औषध (एका बाटलीत दोन कीटकनाशकं) घ्या आणि एकरभर मारा. एका हिंदी व्हिडिओत सांगतात की गव्हावर मोयला फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आत्ता काळजी नको. ऐकायचं कुणाचं?

बांधावरची_पाटी · ९ जानेवारी, सकाळी ८:२५

आधी व्हिडिओचं बघू. मोयला म्हणजे मावाच, तुमच्या पोंग्यातली रस शोषणारी कीड; राजस्थानात तो शब्द चालतो. तो सल्ला चुकीचा नाही, पण तो त्यांच्या रानाचा आहे. गंगानगर, हनुमानगड, बिकानेरकडं इंदिरा गांधी कालव्यावर जो गहू होतो तो नोव्हेंबरात पेरतात आणि एप्रिलात काढतात. जानेवारीत तिकडं रात्री कडक थंडी असते, तेव्हा मावा जगतो पण वाढत नाही. फेब्रुवारीत ऊब आली की त्याची पैदास सुरू होते आणि नेमका तेव्हा त्यांचा गहू ओंबीत असतो. आपला गहू ११० ते ११५ दिवसांत हातात येतो. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीतच दिवस-रात्रीचं तापमान माव्याला मानवतं, आणि त्याच वेळी पीक पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात) किंवा ओंबीत असतं. फेब्रुवारीच्या शेवटी ३३-३४ अंशांचं ऊन पडायला लागलं की मावा आपसूक ओसरतो, पण तोवर दाणाही टणक झालेला असतो. म्हणजे तारीख तिकडची धरली तर फवारा वाया आणि नुकसान आधीच झालेलं. तारीख धरूच नका, पिकाची अवस्था धरा.

दुकानदाराचंही ऐकू नका अजून. एकरभर मारायचं की नाही हे मोजल्याशिवाय ठरत नाही.

माणदेशी_माळ · ९ जानेवारी, सकाळी ९:०२

ताई, मोजत बसायला येळ कुठाय. मावा दिसला की मारायचा. आठ दिवसांत एकाचे शंभर हुत्यात.

बांधावरची_पाटी · ९ जानेवारी, सकाळी ९:३०

होतात हे खरंच आहे. थंडीच्या दिवसांत गव्हावर दिसणारी मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते, दिवसाला तीन ते पाच. ती पिल्लं चार वेळा कात टाकून सात ते दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालायला लागतात. म्हणूनच एकदा बघून ठरवायचं नाही. आज मोजायचं, तीन दिवसांनी परत मोजायचं. आकडा चढतोय की थांबलाय यावर सगळं आहे.

मोजायचं असं. शेतात इंग्रजी झेड अक्षरासारखं चाला, दहा ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी पाच फुटवे, म्हणजे एकूण ५० फुटवे. फुटवा उपटू नका. पोंगा हळूच उघडा, वरच्या तीन पानांची खालची बाजू बघा, पानाच्या बगलेत बघा. ओंबी बाहेर असेल तर तिच्याखाली पांढरा कागद धरून दोनदा टिचकी मारा. सकाळी दहाच्या आत मोजा, उन्हात ते खाली सरकतात.

मर्यादा सोप्या आहेत. ओंबी येण्याआधी फुटव्याला सरासरी १० मावा, ओंबी आल्यावर ओंबीला ५. त्याच्या वर गेलं तरच औषधाचा खर्च वसूल होतो.

पण यात एक गोम आहे. कडेचे आणि आतले आकडे वेगळे लिहा. सरासरी एकच काढली तर फसाल.

टेंभूचं_पाणी · ९ जानेवारी, सकाळी ११:४५

मोजलं. मक्याकडच्या कडेला चार ठिकाणं, २० फुटवे, त्यात ३८० च्या आसपास. आत सहा ठिकाणं, ३० फुटवे, त्यात ७५.

बांधावरची_पाटी · ९ जानेवारी, दुपारी १२:१०

बघा आता. सगळं एकत्र धरलं तर ४५५ भागिले ५०, म्हणजे ९.१. मर्यादेच्या खाली, सोडून द्या असं उत्तर येतं. वेगळं धरलं तर कडेला १९ आणि आत २.५. म्हणजे कडेला औषध हवंच आहे आणि आत मुळीच नको. दोन्ही टोकाचे सल्ले यातच चुकतात.

तुम्ही सांगितलेला निळसर हिरवा, पाय काळपट, पोंग्यात गर्दी करणारा तो मक्याचाच मावा. ज्वारी-मका-गहू त्याला सगळं चालतं. मका वाळायला लागला किंवा तिथं दाटी झाली की पंखवाले तयार होतात आणि वाऱ्यावर शेजारच्या हिरव्या रानात उतरतात. त्यामुळं सुरुवात नेहमी बांधाकडनं.

गव्हावर आणखी तीन दिसू शकतात, ओळखून ठेवा. फिकट हिरवा आणि पाठीवर गडद हिरवी रेघ असेल तर तो जास्त वाईट, त्याच्या लाळेनं पानावर पिवळे-तांबूस डाग पडतात, थोड्या संख्येतही रोपटं बसतं. ऑलिव्ह रंगाचा आणि मागच्या टोकाला गंजल्यासारखा ठिपका असलेला बुंध्याकडं राहतो. मागच्या दोन नळ्या लांब आणि काळ्या असलेला ओंबीवरच बसतो आणि थेट दाण्याचं खातो.

जत_उत्तर · ९ जानेवारी, दुपारी १:०५

पिवळेपणाचं काय? सगळं माव्यावर ढकलू नका. आपल्या कोरड्या पट्ट्यात गव्हावर कोळीही येतो, तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढा, पुढचे पाय लांब. जिथं पाण्याची पाळी लांबते तिथं हटकून. पान लांबून राखाडी-तांबट दिसतं, जवळून बारीक पांढरे टिपके. पान चिकट नसतं, ही खूण. मावा असेल तर चिकटा, म्हणजे तो सोडतो तो चिकट द्रव, असतोच.

फरक महत्त्वाचा अशासाठी की थायमेथोक्झाम, म्हणजे माव्यावर मारतात ते कीटकनाशक, कोळ्यावर काही करत नाही. लोक ते मारतात, आठ दिवसांनी 'औषध बोगस' म्हणून दुकानदाराशी भांडतात. कोळ्याला पहिला उपाय पाणी. तुषारचं एक पाणी बसलं की निम्मा कोळी जातो.

खालची जुनी पानं टोकाकडनं सारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी. मधलाच पोंगा सुकला आणि ओढला की सुटून हातात आला तर गुलाबी खोडकिडा. आणि वरचं पान शेंड्याकडनं गर्द पिवळं, रोपटं खुजं, असं ठिकठिकाणी गोलात दिसलं तर माव्याबरोबर येणारा विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही.

टेंभूचं_पाणी · ९ जानेवारी, दुपारी २:२०

पिवळी पानं आत आहेत, चिकट नाहीत, जिथं मुरूम वर आहे तिथं. मागून बारीक टिपके आहेत खरे. पाणी १६ दिवसांमागं दिलंय.

जत_उत्तर · ९ जानेवारी, दुपारी २:४१

मग तिथं कोळी आणि तहान. कडेला मावा. एका रानात दोन आजार, आणि दुकानदाराच्या एका बाटलीत दोघांचं औषध नाही.

फवारा_१६_लिटर · ९ जानेवारी, सायंकाळी ६:१५

कडेच्या पट्ट्याचा हिशोब मांडतो. दोन बाजू, ८० आणि ५० मीटर, पट्टा ४ मीटर रुंद. कोपरा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून वजा करून ५०४ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे. एकराला २०० लिटर पाणी धरतात, गुंठ्याला ५, तर पाच गुंठ्यांना २५ लिटर.

थायमेथोक्झाम २५ टक्के दाणेदार गव्हाच्या माव्यासाठी हेक्टरी ५० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे एकरी २० ग्रॅम आणि १० लिटरला १ ग्रॅम. तुम्हाला लागणार २.५ ग्रॅम. एवढंच.

आता गंमत अशी की १ ग्रॅम चमच्यानं मोजता येत नाही. चहाच्या चमच्यात तीन-चार ग्रॅम सहज बसतं. 'पंपाला एक चमचा' हा आपल्याकडचा सगळ्यात महाग सल्ला आहे. खिशातला डिजिटल काटा घ्या. २.५ ग्रॅम मोजून २५० मिलि पाण्यात पूर्ण विरघळवा. मग १५ लिटरच्या पंपाला त्यातलं १५० मिलि, दुसऱ्या १० लिटरला १०० मिलि. पंपात आधी निम्मं पाणी, मग द्रावण, मग उरलेलं पाणी. पूर्ण एकर करायची वेळ आलीच तर २० ग्रॅम २ लिटरात, पंपाला तेच १५० मिलि. केलेलं द्रावण उद्यावर ठेवायचं नाही.

नोझल पोकळ शंकूचं घ्या. तणनाशकाचं सपाट नोझल लावून मारलं तर थेंब वरच्या पानावर बसतात आणि मावा असतो पोंग्यात आणि पानाखाली. दांडी पिकाच्या शेंड्यापासून वीतभर वर, थोडी तिरकी, एकदा जाताना एकदा येताना. तासगावकडचे काही जण द्राक्षाचा ब्लोअर गव्हाकडं फिरवतात. नका करू, वाऱ्यानं गहू लोळतो आणि औषध निम्मं शेजाऱ्याकडं जातं.

माणदेशी_माळ · ९ जानेवारी, सायंकाळी ७:३०

थेंब चिकटायला त्यात स्टिकर टाकू का? आन् १९:१९:१९ खत पण एकदमच मारतो, फेरी वाचतीय.

फवारा_१६_लिटर · ९ जानेवारी, सायंकाळी ७:५५

स्टिकर चालेल, त्याच्या बाटलीवर लिहिलंय तेवढाच. गव्हाच्या पानावर मेणासारखा थर असतो, नुसतं पाणी ओघळतं. १९:१९:१९ मात्र नको. एक तर बोअरचं जड पाणी, त्यात खत, त्यात औषध. गाळ बसला की नोझल तुंबतं आणि पट्टे सुटतात. दुसरं म्हणजे माव्याला कोवळं, रसाळ पान हवंच असतं. तुम्ही त्याला मारताय आणि जेवायलाही वाढताय.

बांधावरची_पाटी · ९ जानेवारी, रात्री ८:४०

यावरनं ४५ व्या दिवसाच्या युरियाकडं येते. नडलं तिथंच. बागायती गव्हाला नत्र अर्धं पेरणीबरोबर आणि उरलेलं अर्धं पहिल्या पाण्याला, २१ दिवसांच्या आसपास, मुकुटमुळं फुटायच्या वेळी. त्यानंतरचा युरिया फुटव्याला उपयोगी पडत नाही. पान गर्द हिरवं, मऊ होतं, रसात माव्याला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं वाढतात आणि त्याची पिल्लं झपाट्यानं मोठी होतात. रान काळंभोर दिसतं म्हणून माणूस खूश, आणि मावाही. आता झालं ते झालं, पुढं युरियाची एक मूठसुद्धा नको.

कोरड्या पट्ट्यात तहानेचाही हाच परिणाम. पाणी कमी पडलं की रोपाच्या रसातली साधी अमिनो आम्लं वाढतात. शिवाय तहानलेल्या रोपात माव्यानं ओढलेला रस भरून निघत नाही. तेवढाच मावा कृष्णाकाठच्या काळ्या रानात पचून जातो, आटपाडीच्या मुरमावर नडतो. म्हणून मर्यादेचा आकडा तोच असला तरी मुरमाड रानात मी दुसऱ्यांदा मोजायला पाच दिवस थांबणार नाही, तीनच.

जत_उत्तर · ९ जानेवारी, रात्री ९:१०

म्हणजे आधी पाणी, मग फवारा. उलटं नाही. थायमेथोक्झाम पानातनं आत जाऊन रसातनं फिरतं. रोपटं तहानेनं मलूल असेल तर रसच फिरत नाही, औषध पानावर बसून राहतं. तुषार असेल तर रात्री पाणी द्या, त्यानं चिकटाही धुतला जातो, थोडा मावाही खाली पडतो. वाफसा आला की फवारा. फवाऱ्यानंतर निदान एक दिवस तुषार बंद, नाहीतर सगळं धुऊन जमिनीत.

पाळ्यांचं गणित थोडक्यात: एकच पाणी असेल तर ४०-४२ व्या दिवशी. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५. तीन असतील तर २०-२२, ४०-४२, ६०-६५. तुमचं १६ दिवसांपूर्वीचं म्हणजे ३६ व्या दिवशी बसलं. मुरमावर पुढच्या पाळीची ६० व्या दिवसापर्यंत वाट बघू नका.

टेंभूचं_पाणी · १० जानेवारी, सकाळी ६:५०

पाणी आज रात्री देतो. कडेला बारीक काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या, मगरीसारख्या. काट्यांचं अंग. यापण खातायत का पान?

बांधावरची_पाटी · १० जानेवारी, सकाळी ७:१५

त्यांना हात लावू नका! ती ढालकिड्याची अळी. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला गोल भुंगा सगळे ओळखतात, त्याची अळी कुणी ओळखत नाही, आणि 'नवीन कीड आली' म्हणून तिच्यासाठी वेगळं औषध घेतात. भुंग्यापेक्षा अळीच अधाशी. मोठी झालेली दिवसाला ५० च्या आसपास मावा संपवते.

मावा खाणारं आणखी कोण आहे ते बघा. पानावर पाय नसलेली, हिरवट, गोगलगाईसारखी सरकणारी लहान अळी म्हणजे सिरफिड माशीची. केसासारख्या दांडीवर टांगलेलं पांढरं अंडं म्हणजे क्रायसोपा या मित्रकिड्याचं. आणि माव्यांच्या घोळक्यात फुगलेले, सोनेरी-तपकिरी, न हलणारे मणी दिसतात का? ते मेलेले मावा. बारीक गांधीलमाशीनं त्यात अंडं घातलेलं असतं आणि आतनं पोखरलेलं. त्याला ममी म्हणतात. पाचांत एक ममी दिसायला लागली की औषध थांबवून चार दिवस वाट बघावी, कारण वरून जिवंत वाटणाऱ्यांतही बरेच आतनं गेलेले असतात.

माणदेशी_माळ · १० जानेवारी, सकाळी ९:२०

किडं किड्याला खातील ह्या आशेवर पीक सोडायचं म्हंजी जुगार.

खपली_कडेगाव · १० जानेवारी, सकाळी १०:०५

माळ दादा, सांगलीकरांनी हा जुगार जिंकलेला आहे. २००२ च्या पावसाळ्यात आपल्याच भागात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पंप घेऊन ऊस फवारता येत नव्हता, आत शिरणार कसं? तो आटोक्यात आला तो डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिड्यांनी, गावोगाव पानं कापून एका फडातनं दुसऱ्या फडात सोडल्या होत्या. (तो मावा गव्हावर येत नाही, उगाच कुणी घाबरू नका.)

पण आंधळेपणानं सोडा असंही कुणी म्हणत नाही. कडेला १९ आहे, तिथं अळ्या पुऱ्या पडणार नाहीत. आत अडीच आहे, तिथं पडतात. म्हणून तर पट्टा फवारा आणि आतलं रान त्यांना सोडा. जोड औषधात सहसा पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक असतं, ते ढालकिड्याला आधी मारतं. मावा तीन दिवस साफ दिसतो, मग पोंग्यात वाचलेले परत वाढतात आणि खाणारं कुणी उरत नाही. दुसरा फवारा लागतो तो बहुतेक वेळा पहिल्या फवाऱ्यामुळं.

फवारा_१६_लिटर · १० जानेवारी, सकाळी १०:३०

अगदी. आणि थायमेथोक्झामही मित्रकिड्यांना अमृत नाही. मधमाशीला तर फारच वाईट. बांधापलीकडं कांद्याचं बियाणं किंवा सूर्यफूल फुलात असेल तर सूर्य कलल्यावरच मारा आणि वारा तिकडं नको.

धोंडेवाडी_रान · १० जानेवारी, दुपारी १२:५०

रासायनिक औषध नको असेल तर व्हर्टिसिलियम हे जैविक चालेल का? १० लिटरला ५० ग्रॅम सांगतात.

बांधावरची_पाटी · १० जानेवारी, दुपारी १:२०

प्रमाण बरोबर. पण ती बुरशी आहे, माव्याच्या अंगावर रुजायला तिला हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, तोही सलग काही तास. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला ठीक. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या वाऱ्यात दुपारी मारली तर पैसे वाऱ्यावर. वापरायचीच असेल तर ढगाळ दिवस, तुषारचं पाणी दिल्यानंतरची संध्याकाळ, आणि बुरशीनाशकाच्या आगेमागे नाही.

निंबोळी अर्क त्यापेक्षा आपल्या पट्ट्यात बरा, तोही मावा कमी असताना. ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर १० लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातनं दोनदा गाळून, २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. त्याच दिवशी संपवा. अर्क मारल्याबरोबर मावा मरत नाही, खाणं आणि कात टाकणं बिघडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बघून 'फेल' म्हणू नका. बोअरचं पाणी खारट-अल्कधर्मी असेल तर मात्र निंबोळीचा गुण लवकर उतरतो. सामू (पीएच) बघायची पट्टी मिळते. बादलीभर पाण्यात चिमूट चिमूट सायट्रिक आम्ल टाकून सामू ६ ते ६.५ वर आणा, त्या मापानं टाकीत. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको.

माणदेशी_माळ · १० जानेवारी, सायंकाळी ५:१०

पिवळं चिकट कार्ड लावलं तर? एकरी धा-बारा.

जत_उत्तर · १० जानेवारी, सायंकाळी ५:२५

लावा, पण पाहुणा कधी आला ते कळायला. कार्डावर पंखवालाच अडकतो, पोंग्यातला बिनपंखाचा कशाला उडून जाईल? मक्याकडच्या बांधावर चार पुरेत, पिकाच्या शेंड्याच्या उंचीला. आपल्याकडं धूळ एवढी की पाचव्या दिवशी कार्ड कोरडं. पुसून परत ग्रीस लावावं लागतं.

खपली_कडेगाव · ११ जानेवारी, सकाळी ८:००

खपली जातीचा गहू पेरणाऱ्यांसाठी वेगळं. खपलीचा दाणा टरफलात, ओंबी दाट, कुसळं लांब. मावा टरफलांच्या फटीत बसतो, टिचकीला पडत नाही. ओंबी बोटांनी उकलून मोजा. आणि खपली उंच, तिला उशिरा युरिया दिला तर मावा राहिला बाजूला, आधी लोळेल.

टेंभूचं_पाणी · १२ जानेवारी, सकाळी ११:००

काल सायंकाळी साडेचारनंतर फक्त दोन बाजूंचा पट्टा फवारला, २५ लिटर. आज कडेची काही पानं काळपट दिसतायत. तांबेरा तर नाही ना?

बांधावरची_पाटी · १२ जानेवारी, सकाळी ११:३०

ओल्या फडक्यानं पुसा. पुसलं जाऊन खाली हिरवं पान दिसलं तर ती चिकट्यावर वाढलेली काजळी, बुरशीच, पण पानाच्या आत शिरत नाही. सावली धरून पानाचं काम अडवते एवढंच. तांबेरा पुसला जात नाही; बोटाला नारिंगी-तपकिरी पूड लागते आणि पानाची साल फुटलेली असते. तांबेरा निघाला तर वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे. उगाच नाही आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला, गव्हाच्या गेरव्यासाठी, म्हणजे तांबेऱ्यासाठीच, वेगळं संशोधन केंद्र आहे. (जिल्हा म्हणजे माझा सातारा. सांगलीकरांनी रागावू नये.)

टेंभूचं_पाणी · १२ जानेवारी, दुपारी १२:१५

पुसलं गेलं. काजळीच.

धोंडेवाडी_रान · १३ जानेवारी, सकाळी ७:०५

माझा गहू १५ डिसेंबरचा, अजून पाणी एकच. वर काही नाही पण रोपं बसल्यासारखी. उपटलं तर मुळापाशी काळपट हिरवे किडे आणि मुंग्यांची रांग.

जत_उत्तर · १३ जानेवारी, सकाळी ७:४०

मुळावरचा मावा. भुसभुशीत, हलक्या, कोरड्या रानातला. पहिल्या महिन्यातच दिसतो, मुंग्या त्याच्या चिकट्यासाठी त्याला जपतात, इकडून तिकडं नेतात. वरून फवारून उपयोग नाही, तिथवर पोचत नाही. सारा भरून एक मोकळं पाणी द्या, जमीन बसली की बहुतेक दबतो. वाळवी आहे का तेही त्याच खड्ड्यात बघा. वाळवीनं मूळ कुरतडलेलं असतं, माव्यानं नाही.

पुढच्या साली बीजप्रक्रिया करा. थायमेथोक्झाम ३० टक्के एफएस (बियाण्याला लावायचं पातळ औषध) लावून, बी सावलीत सुकवून, आणि ॲझोटोबॅक्टर-स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत त्यानंतर, शेवटी. क्रम उलटा केला तर जिवाणू मरतात. बीजप्रक्रियेला जे वापरलं त्याच गटाचं औषध परत परत फवारू नका, मावा त्याला सरावतो.

पेरा १५ नोव्हेंबरच्या आत बसला तर सगळ्यात चांगलं. १५ डिसेंबरचा गहू ओंबीत येतो तेव्हा आजूबाजूचे सगळे गहू पिकायला लागलेले असतात, आणि शिवारातला उरलासुरला मावा तुमच्याकडं.

खपली_कडेगाव · १३ जानेवारी, सकाळी ९:१५

बांधाला एक ओळ करडईची किंवा मोहरीची टाका. त्यांच्यावर मावा येतो, पण करडईचा काळा मावा आणि मोहरीचा मावा गव्हावर बसत नाहीत. ते आधी येतात, त्यांच्यामागं ढालकिडे येतात आणि गव्हावर मावा उतरायच्या वेळी फौज तयार असते. फक्त ती ओळ काळी दिसली म्हणून फवारायची नाही, तिथंच बहुतेकांचा हात चालतो. आणि गव्हाच्या वाऱ्याच्या बाजूला चाऱ्याचा मका नको. असेलच तर तुऱ्यात मावा दिसल्याबरोबर चाऱ्याला कापून घ्या, गहू पोटरीत यायच्या आत.

टेंभूचं_पाणी · १४ जानेवारी, सकाळी १०:२०

मोजणी. कडेला २० फुटव्यांत ४६, म्हणजे २.३. आत ३० फुटव्यांत ८१, म्हणजे २.७, पण त्यात ममी १४. मुरमावरची पानं पाण्यानंतर बरी दिसतायत.

बांधावरची_पाटी · १४ जानेवारी, सकाळी १०:४५

आत साधारण सहात एक ममी. थांबा. १८ ला परत मोजा, तेव्हा ओंब्या डोकवायला लागतील, म्हणजे मर्यादा १० नव्हे, ५. दाण्यात चीक भरेपर्यंत दर चार दिवसांनी मोजा. दाणा टणक झाला की मोजणंही बंद.

फवारा_१६_लिटर · १४ जानेवारी, सकाळी ११:३०

एक तारीख लिहून ठेवा. थायमेथोक्झाम फवारल्यावर काढणीपर्यंत २१ दिवस जावे लागतात. तुमची काढणी १० मार्चच्या सुमारास धरली तर १७ फेब्रुवारीनंतर काहीही झालं तरी पंप काढायचा नाही.

माणदेशी_माळ · १४ जानेवारी, दुपारी १२:०५

आन् कडेचा हिरवा गहू म्हशीला कापून टाकला तर?

फवारा_१६_लिटर · १४ जानेवारी, दुपारी १२:१२

फवारलेल्या पट्ट्यातला नाही. बांधावरचं गवतसुद्धा नाही, उडालेलं औषध तिथंच बसतं. आतलं तण खुरपून घाला.